पडद्यावरचे टाक

आमच्या घरी संध्याकाळी देवापुढं दिवा लागला की लगेच कोर्टाचं ॲप उघडायचं, असा नेमच होता. मी ऑफिसातून येऊन हातपाय धुते न धुते तोच सासरे खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि विचारायचे, "काय म्हणतें गे आज?" ॲप काय म्हणणार, कपाळ. पुढची तारीख, तिच्याखाली 'सुनावणीसाठी' आणि वर आमच्या दाव्याचा तो लांबलचक नंबर. तरी मी रोज उघडायचे, कारण उघडलं नाही तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे आणि सासूबाईंना अत्या. घर चेन्नईत, अड्यारला, पहिल्या मजल्यावर. ही माणसं तंजावरकडची मराठी. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून खाली आले आणि इथलेच झाले. मी साताऱ्याची. नोकरीसाठी इथं आले, याच घरातल्या मुलाशी लग्न केलं आणि सुरुवातीला अत्या बोलायला लागल्या की मला वाटायचं, आता या खलिता वाचून दाखवणार. "उदक घेतेस का गे?" असं त्या विचारायच्या आणि पुढच्याच वाक्यात तमिळमध्ये गॅसवाल्याला झापायच्या. मामंजी शाळेत भूगोल शिकवायचे, तमिळमधून. महाराष्ट्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. नकाशावर मात्र जेजुरी कुठं आहे ते डोळे मिटून दाखवायचे.

आता दावा कशाचा, ते सांगते. आमच्या घराण्याचे देव म्हणजे चांदीचे टाक. बोटाच्या दोन पेरांएवढे पत्रे, त्यांवर उठवलेले खंडोबा, भवानी आणि बाकीची मंडळी. पूर्वजांनी कमरेला बांधून आणलेले, असं सांगतात. मामंजींच्या वडिलांनी दोन मुलांत सगळं वाटलं, पण देव वाटता येत नाहीत. म्हणून त्यांनी ठरवून दिलं की देव एक वर्ष थोरल्याकडे राहतील, एक वर्ष धाकट्याकडे. चंपाषष्ठीचा कुळाचार झाला की दुसऱ्या दिवशी देव घर बदलणार. थोरले बंधू होते तोवर हे बिनबोभाट चाललं. ते गेले आणि त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलत दिरानं, देव द्यायचे बंद केले. तो टी. नगरात राहतो. तो म्हणाला, "देव म्हणजे काय गॅसचं सिलिंडर आहे? रिक्षात घालून या घरातून त्या घरात न्यायचे?" वाक्य फर्मास होतं, हे मला कबूल करावं लागतं. त्या वाक्यानं आमच्या घरची शांतता कायमची गेली.

मामंजींनी दावा लावला. त्यांना दुसरं काही नको होतं. मरायच्या आधी एक वर्ष देव घरी यावेत, एवढंच. मी एकदा म्हटलं सुद्धा, "मामंजी, टी. नगरला सोनारांची रांग लागलीय. नवे टाक करून घेऊ, उद्या मिळतील." ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्या भवानीचं नाक सपाट झालें आहे गे. माझ्या आजीनं हळद लावून लावून सपाट केलें, तिच्या सासूनं त्याच्या आधी. नव्या टाकाला नाक असेल. तें घेऊन मी काय करूं?" सोनाराचं नाव मी पुन्हा काढलं नाही, आणि गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नाही.

मी ते टाक एकदाच घरात पाहिले. माझ्या लग्नाच्या वर्षी देव आमच्याकडे होते. चंपाषष्ठीला अत्यांनी वांग्याचं भरीत केलं होतं, तिळाच्या तेलाची फोडणी देऊन, आणि बाजरीचे रोडगे. तळी उचलून झाली, म्हणजे ताम्हनात पान, सुपारी, नारळ आणि भंडारा ठेवून सगळ्यांनी ते मिळून वर उचललं, येळकोट झाला आणि पानं वाढली. देवांपुढंच पंगत. माझं पोट भरलं तेव्हा अत्या रोडगा घेऊन आल्या, "आणखी घेतेस?" मी म्हटलं, "नको." सगळ्यांचे हात थांबले. अत्यांनी मला हळूच चिमटा काढला आणि कानात सांगितलं, "टाकांपुढं नाही, नको, पुरे, कांही म्हणूं नये गे. देव बसले असतां त्यांच्यापुढं हो म्हणायचें." त्या घराची ती रीतच होती. तक्रार असेल, भांडण असेल, भूक नसेल, ते दुसऱ्या खोलीत. टाकांसमोर कुणी काही विचारलं तर उत्तर एकच. मी 'हो' म्हणत गेले आणि रोडगे येत गेले. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला जाववलं नाही. नवरा अजून ते सांगून हसतो.

देव गेले ते गेले. अत्यांनी त्यांचा चौरंग मात्र देव्हाऱ्यापाशी तसाच ठेवला होता. देव्हाऱ्यात बालाजी होता, बाळकृष्ण होता, त्यांची पूजा व्हायची. चौरंगावर काही नव्हतं. तरी मामंजी रोज तो ओल्या फडक्यानं पुसायचे आणि एक फूल ठेवायचे.

अड्यारहून टी. नगर काही काशी नाही, अर्ध्या तासात रिक्षा पोचवते. अत्यांना साडी घ्यायची असली की मामंजी बरोबर यायला लगेच तयार. मला वाटायचं, बायकोच्या साडीत या माणसाला केवढा रस. मग एकदा मी बरोबर गेले. अत्या दुकानात शिरल्या आणि मामंजी गल्लीत वळले. मी मागोमाग. चुलत दिराच्या इमारतीसमोर फुटपाथवर, पेरू विकणारीच्या टोपलीशेजारी, त्यांनी चपला काढल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे बघून हात जोडले. लोक धक्के मारत जात होते. एका बाईची पिशवी त्यांच्या कोपरावर आपटली. त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत. मला असा संताप आला की वर जाऊन दार फोडावं. पेरूवाली मला म्हणाली, तमिळमध्ये, "ते नेहमी येतात." मी एक किलो पेरू घेतले आणि रडू आवरलं.

दाव्याचं म्हणाल तर तो आमच्या जुन्या वकिलाबरोबर म्हातारा झाला. वकील गेले, दावा राहिला. कोर्टात गेलं की कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरच्याचा वकील दुसऱ्या कोर्टात, कधी फाइल सापडत नाही. मामंजी प्रत्येक तारखेला धुतलेली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून, डबा घेऊन जायचे आणि डबा रिकामा करून परत यायचे. नवरा म्हणायचा, "अप्पा, जाऊ दे ना." नवरा मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथं जे बिघडतं ते काढून दुसरं बसवतात, त्यामुळे त्याचा स्वभावही तसाच झालाय.

मग कोर्ट ऑनलाइन झालं. सगळ्यात जास्त आनंद मला झाला, हे सांगायला हवं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या ॲपमधल्या चुका शोधायच्या याचा मला पगार मिळतो. मी मामंजींना समजावून सांगितलं, आता फाइल हरवणार नाही, तारीख घरबसल्या कळेल, सुनावणी पडद्यावर होईल, तुंबलेली प्रकरणं भराभर निघतील. मी इतकी रंगून सांगत होते की अत्यांनी स्वयंपाकघरातून येऊन ऐकलं. मामंजी म्हणाले, "म्हणजे देव लवकर येतील?" मी म्हटलं, "येतील." त्या दिवशी मला खरंच तसं वाटत होतं.

आधी जुने कागद स्कॅन झाले. मामंजींच्या वडिलांचा वाटणीचा कागद मोडीत होता. तंजावरकडं जुने कागद मोडीतच असायचे. स्कॅन करणाऱ्याला ती अक्षरं वाटलीच नसावीत. ॲपवर त्रुटी आली: पान अवाचनीय, स्वच्छ प्रत जोडा. आम्ही स्वच्छ प्रत जोडली. पुन्हा तेच. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही एक लिपी आहे, तेव्हा त्रुटी बदलली: प्रमाणित भाषांतर जोडा. मोडी वाचून इंग्रजीत आणणारा आणि वर कोर्टाला चालेल असा शिक्का असणारा माणूस शोधता शोधता आमच्या नाकी नऊ आले. तंजावरला एक वयस्कर गृहस्थ मिळाले. त्यांचे डोळे मोतीबिंदूचे, त्यामुळे आधी त्यांचं ऑपरेशन आणि मग आमचं भाषांतर. तोवर दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग झाला होता आणि त्याला नवा नंबर मिळाला होता. आम्ही भाषांतर जुन्या नंबरावर चढवलं. ते स्वीकारलं गेलं, हे विशेष. ते कुठं गेलं हे कुणाला सांगता येईना.

पडद्यावरच्या सुनावण्या सुरू झाल्या तेव्हा निदान मामंजींची पायपीट वाचली. पायपीट वाचली, एवढंच. आधी ते कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायचे, आता घरात, लॅपटॉपसमोर, 'कृपया प्रतीक्षा करा' या अक्षरांकडे बघत. आमची नवी वकील तरुण होती, हुशार होती, माझ्याशी इंग्रजीत आणि मामंजींशी फार आदरानं बोलायची. ती चेन्नईबाहेर समुद्राकाठी, कोवलमकडं राहायची. एकदा आमचा पुकारा झाला तेव्हा ती घरी जाणाऱ्या बसमधून नुकती उतरली होती. तिथूनच, रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं फोनवरून हजेरी लावली. मागं मासळीचा लिलाव चालला होता. न्यायाधीशांना तिच्यापेक्षा कोळिणींचं जास्त ऐकू आलं. त्यांनी पुढची तारीख दिली. मला हसू आलं आणि मामंजींचं तोंड बघून मी ते गिळलं.

एका संध्याकाळी ॲपमध्ये तारखेच्या खाली वेगळंच काही दिसलं. जुने दावे निकाली काढण्याची खास मोहीम निघाली होती आणि त्यात आमचा दावा होता. मामंजींनी मला ते तीनदा वाचायला लावलं. रात्री जेवताना ते अत्यांना म्हणाले, "चौरंगाला पालिश करून घेतलें पाहिजे." अत्यांनी दुसऱ्या दिवशी सुताराला फोन केला.

सुनावणीच्या दिवशी मी रजा घेतली. मामंजी पहाटेच न्हाऊन, नवी वेष्टी नेसून, अंगावर उपरणं घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. अत्यांनी लॅपटॉपखाली धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. मी मामंजींना सांगितलं, विचारलं तरच बोला, बाकी वकील बघेल. ते म्हणाले, "काय सांगायचें तें पाठ आहे." खरंच पाठ होतं. एक वर्ष द्या, मी परत करीन, माझ्या वडिलांचा शब्द आहे. एवढंच. त्यांनी मला म्हणून दाखवलं.

दुपार उलटून गेली तरी आमचा पुकारा नाही. ते जागचे हलले नाहीत, बाथरूमला सुद्धा गेले नाहीत. मी चिडून बडबड करत होते, ते मला हातानं गप्प करत होते. मग एकाएकी पडदा उजळला. चौकोनांत माणसं दिसायला लागली. न्यायाधीश थकलेले, चांगले वाटले. आवाजात खेकसणं नव्हतं. समोरचा वकील बोलायला लागला. माझ्या अशिलानं दर्शनाला कधीच नाही म्हटलेलं नाही, तो म्हणाला. देव सुरक्षित आहेत, पूजा चालू आहे. वादीला दर्शन हवं असेल तर ते आत्ता, इथंच, याच पडद्यावर घडवतो. दर चंपाषष्ठीलाही घडवू. मग वाद उरतो कुठं?

आमची वकील बोलायला लागली तोच एक चौकोन हलला. चुलत दिरानं आपला फोन उचलला होता. आधी त्याच्या घराची फरशी दिसली, मग एक पडदा, मग समई. आणि मग टाक. पडद्यावर ते माझ्या नखाएवढे होते. चांदीवर ट्यूबलाइटचा झोत पडला होता, त्यात भवानीचं नाक आहे की नाही काही कळत नव्हतं. मी काही म्हणेपर्यंत मामंजी उभे राहिले. उभे राहिले म्हणून त्यांचं डोकं कॅमेऱ्याच्या वर गेलं, आमच्या चौकोनात नुसती वेष्टी आणि जोडलेले हात राहिले. त्यांनी टेबलाखालच्या चपला पायानं दूर सारल्या. त्यांच्या गालावरून पाणी चाललं होतं. कितीतरी वर्षांनी देव समोर होते.

न्यायाधीशांनी तमिळमध्ये विचारलं, अगदी मायेनं, "अय्या, पात्तींगळा? मनसुक्कु निम्मदिया?" पाहिलंत का? मनाला निम्मदी मिळाली का? निम्मदी म्हणजे जिवाला स्वस्थता. आमच्या घरात मराठी बोलताना सुद्धा हाच शब्द वापरतात.

मामंजींची नजर टाकांवर होती. ते म्हणाले, "आमां." म्हणजे हो.

मी त्यांचं उपरणं ओढलं, "मामंजी, काय म्हणताय," पण ते पुन्हा म्हणाले, "आमां, आमां," आणि वाकून नमस्कार केला. आमच्या वकिलीणबाई काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्यांचा माइक बंद होता. तो सुरू होईपर्यंत न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते की वादीनं दर्शन घेतलं, वादी समाधानी आहे, प्रतिवादी दर वर्षी याप्रमाणे दर्शन घडवील, सबब दावा तडजोडीनं निकाली. पाठोपाठ दुसऱ्या कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. आम्हाला पडद्यावरून काढून टाकण्यात आलं.

मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. "इतकी वर्षं याचसाठी बसलात? पाठ केलं होतंत ना?" ते खुर्चीत बसले. काय होऊन बसलं ते त्यांना हळूहळू कळत होतं, ते मी बघत होते. ते म्हणाले, "टाक समोर होते गे. टाकांपुढं नाही कसें म्हणूं?" अत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला तो रोडगा आठवला आणि माझा सगळा राग सरकन उतरला. चूक कुणाची म्हणायची? न्यायाधीशांना काय ठाऊक, या घरात देवांसमोर 'नाही' नसतं. चुलत दिराला ठाऊक होतं. तोही याच घराण्यातला, त्याच पंगतीत वाढलेला. त्यानं ते ठरवून केलं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही.

मोडीचं एक पान वाचायला ज्यांना एवढा काळ लागला, त्यांनी हा आदेश चहा निवायच्या आत ॲपवर चढवला. स्थिती: निकाली. निकालाचं स्वरूप: विनाविरोध. मी ते 'विनाविरोध' बघत बसले. जो माणूस फुटपाथवर अनवाणी उभा राहून एका खिडकीशी भांडत होता, त्याचं प्रकरण विनाविरोध. तुंबलेल्या दाव्यांतला एक दावा कमी झाला होता. कुठल्या तरी तक्त्यात एक रेघ थोडी खाली आली असेल आणि तिच्याकडं बघून कुणाला तरी बरं वाटलं असेल. माझ्या ऑफिसात आम्हीही असेच तक्ते करतो, तेव्हा मला ते चांगलं कळतं.

आमच्या वकिलीणबाई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांनी आदेश मागे घ्यावा असा अर्ज तयार केला. तो ऑनलाइन भरताना अर्जाचा प्रकार निवडायचा असतो. 'देवांपुढं खोटं हो म्हटलं' असा प्रकार त्यात नव्हता. त्यांनी 'इतर' निवडलं. अर्ज परत आला: मामंजींची सही प्रत्येक पानावर हवी. सह्या केल्या. परत आला: सहीच्या वेळचा फोटो हवा. फोटो काढला. परत आला: भाषांतर जोडलेलं नाही. आम्ही म्हटलं, ते तुमच्याकडेच आहे. त्यावर उत्तर आलं नाही. अखेर अर्जाला नंबर मिळाला. नवा कोरा नंबर, आजच्या तारखेचा. जुना दावा संपला होता, हे प्रकरण कालपरवाचं, त्यामुळे मोहिमेत बसत नव्हतं. रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मी वकिलीणबाईंना विचारलं, खरं सांगा, काही होईल का? त्या म्हणाल्या, "अक्का, मामांचं वय बघता..."

तेव्हापासून मामंजींनी संध्याकाळी विचारणं बंद केलं. मी आपणहून ॲप उघडायचे, मोठ्यानं वाचायचे. ते मान हलवायचे आणि टीव्हीवरच्या बातम्यांकडे बघायचे. टी. नगरला जाणंही थांबलं. अत्यांनी एकदा मुद्दाम साडीचं काढलं, तर म्हणाले, "तूं जा गे. मला आता तिकडें काम नाही." चौरंगाला पालिश होऊन आलं होतं. तो कसा झळझळीत दिसायचा. त्यावर ते फूल ठेवायचे की नाही, ते मी मुद्दाम बघितलं. ठेवायचे.

अर्जाला उन्हाळ्यातली तारीख मिळाली. ती उजाडायच्या आधीच मामंजी गेले. पण त्याआधी एक चंपाषष्ठी आली होती, तेवढी सांगते आणि थांबते.

चुलत दीर कोर्टाचा आदेश तंतोतंत पाळणारा माणूस. त्यानं आदल्या दिवशीच नवऱ्याच्या फोनवर लिंक पाठवली, वेळेसकट. अत्यांनी नेहमीसारखं भरीत केलं, रोडगे केले. मामंजी तोवर फार खंगले होते, भिंतीला धरून चालायचे. मी म्हटलं, नका बघू, कशाला जिवाला त्रास. ते म्हणाले, "देव येतात तर नको कसें म्हणूं?" नवऱ्यानं लॅपटॉप आणला आणि ठेवायला जागा शोधत चौरंगावर ठेवला. दुसरी जागा तरी कुठं होती?

थोडा वेळ 'कृपया प्रतीक्षा करा' झालं. मग टाक दिसले. तिकडं त्यांनी तळी उचलली, इकडं आम्ही ताम्हन उचललं. त्यांचा येळकोट आमच्या येळकोटाच्या मागून यायचा, दोन्ही एकमेकांत मिसळेनात. अत्यांनी नैवेद्याचं पान लॅपटॉपपुढं ठेवलं, पाणी फिरवताना ते यंत्रावर उडू नये म्हणून हात आखडता घेतला. चित्र मधेच थिजलं, खंडोबाचा घोडा अर्धाच राहिला, मग पुन्हा पूर्ण झाला. शेवटी चुलत दीर पडद्यावर आला, भंडारा लावलेल्या कपाळानं, आणि म्हणाला, "काका, नीट दर्शन झालें ना?" त्याच्या मागं टाक दिसत होते. मामंजींनी हात जोडले आणि म्हणाले, "हो."

नवरा तळीचा प्रसाद शेजारी द्यायला गेला, अत्या पानं वाढायला आत वळल्या. मी मामंजींना उठवायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. पुढं वाकून त्यांनी लॅपटॉपचं झाकण स्वतः मिटलं, सावकाश, आणि ते नीट बसलंय का ते दाबून बघितलं. मग मला म्हणाले, "देव्हाऱ्याचा पडदा ओढ." मी ओढला. "तिकडचा कोपरा राहिला." मी तोही ओढला. त्यांनी चहूकडं एकदा बघून घेतलं, कुणी देव उघडा राहिला नाही ना म्हणून.

"तेव्हां त्या न्यायाधीशानं विचारलें होतें ना," ते म्हणाले, "निम्मदी झाली का म्हणून." ते बंद झाकणाकडे बघत होते. "नाही झाली गे."